तिसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न

नेरुळला एका लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजीचं काम करते. आसपासच्या हॉस्पिटलांतून रक्त, लघवी, बेडका असं जे काही येतं त्यात जंतू वाढतोय का बघायचं, आणि वाढला तर कुठल्या अँटिबायोटिकने मरतो ते सांगायचं. जंतू पसरवलेल्या प्लेटवर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतो, रात्रभर उबेत ठेवून सकाळी बघितलं की जिथे औषध लागू पडलं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, नाहीतर जंतू चकतीला खेटून उगवलेला असतो. असला खेटलेला जंतू हल्ली फार बघावा लागतो आणि दरवेळी पोटात गोळा येतो, कारण त्या प्लेटमागे कुणीतरी बेडवर असतं.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या हॉस्पिटलांत पाहणी केली होती. ॲडमिट पेशंटपैकी साधारण ७२ टक्के लोकांना अँटिबायोटिक चालू होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त इन्फेक्शन झालंय म्हणून नाही, तर होऊ नये म्हणून दिलेलं होतं. ऑपरेशनच्या आधी तासाभरात एक डोस देणं बरोबरच आहे, पण बहुतेक ऑपरेशनांत तेवढाच पुरतो, टाके काढेपर्यंत गोळ्या घेऊन जास्त काही मिळत नाही.

डॉक्टरांनाच दोष देऊन चालणार नाही. पेशंट रात्री दोनला थंडी वाजून येतो, बीपी खाली गेलेलं असतं, तेव्हा रिपोर्टची वाट बघत बसलं तर माणूस जाईल, म्हणून अंदाजाने मोठं औषध सुरू करतात आणि ते करायलाच हवं. अडचण पुढे होते. रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायला रक्त, पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं असतं, पण बऱ्याचदा बाटली आमच्याकडे येते तोवर मेरोपेनेम या मोठ्या अँटिबायोटिकचे दोन डोस गेलेले असतात, मग जंतू असला तरी वाढत नाही, आम्ही 'वाढ नाही' असं लिहून देतो आणि तिकडे कुणाची औषध थांबवायची हिंमत होत नाही. पेशंट सुधारतोय ना, मग राहू दे! नातेवाईकही स्ट्राँग काहीतरी द्या म्हणून मागे लागतात.

म्हणून जिथे अँटिबायोटिक जपून वापरायचं काम मनापासून चाललंय तिथे सगळा भर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर असतो. ४८ ते ७२ तासांनी फाईल उघडायची आणि विचारायचं, हे औषध अजून का चालू आहे? रिपोर्टप्रमाणे साध्या औषधावर आणता येईल का, सलाईनमधून देतोय ते गोळीने भागेल का, की बंदच करावं? काही ठिकाणी कोलिस्टिनसारखं राखीव औषध वेगळी परवानगी घेतल्याशिवाय फार्मसीतून सुटतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट पाडले, नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखीव, त्याचा इथे खूप उपयोग होतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक लिहिताना त्याचं कारणही लिहायला सांगितलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण कागदावर कारण लिहायला गेलं की बऱ्याचदा कळतं, कारण नाहीच आहे, डेंग्यूचा ताप आहे आणि व्हायरसवर यातलं काहीच चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात वाशीच्या एका वॉर्डमधून आजोबांचं रक्त आलं, सिस्टरने बाटलीवर वेळ घालून 'डोसच्या आधी' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ई. कोलाय हा जंतू वाढला, तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर सेफ्ट्रिॲक्सोन या मेरोपेनेमपेक्षा साध्या औषधाच्या चकतीभोवती मोठा स्वच्छ गोल होता. रिपोर्ट टाईप होईपर्यंत थांबले नाही, सरळ फोन केला. डॉक्टर राऊंडलाच होते, त्यांनी मेरोपेनेमचा दुपारचा डोस तिथल्या तिथे रद्द केला.