ठाकरसी, सर विठ्ठलदास दामोदर

(१८७३–१९२२). मुंबईतील गिरणीमालक, सहकारी पतचळवळीचे आरंभीचे पुरस्कर्ते आणि स्त्रीशिक्षणासाठी मोठी देणगी देणारे दाते. गुजराती भाटिया व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दामोदर ठाकरसी कापडधंद्यातले. आईचे नाव नाथीबाई. हिंदुस्थान, वेस्टर्न इंडिया आणि क्राऊन या गिरण्या ठाकरसी घराण्याच्या हाती होत्या. विठ्ठलदासांनी धंद्याबरोबरच सार्वजनिक जीवनातही लवकरच स्थान मिळवले. १९०७ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष होते व १९०८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याआधी, १९०६ मध्ये, कलकत्त्याच्या औद्योगिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. पुढे ते मध्यवर्ती विधिमंडळाचेही सदस्य झाले.

१८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर होता. आयात कापडावर जकात बसते, म्हणून इथल्या मालावरही तेवढाच बोजा टाकून लँकेशायरचे हित सांभाळायचे, हा त्यामागचा हेतू होता. मुंबईच्या गिरणीमालकांना तो सतत सलत राहिला. तो उठला तेव्हा विठ्ठलदास हयात नव्हते. शेतीच्या पतपुरवठ्यातील त्यांचे काम तुलनेने कमी आठवले जाते. सहकारी चळवळीतील कार्यकर्ते लल्लूभाई सामळदास यांच्यासह त्यांनी पुढाकार घेऊन १९११ मध्ये बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली. खेड्यातील पतसंस्थांना शहरातील भांडवल मिळवून देणारी ही बँक आज महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणून ओळखली जाते.

त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र महिला विद्यापीठामुळे. धोंडो केशव तथा अण्णा कर्वे यांनी १९१६ मध्ये हे विद्यापीठ सुरू केले. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने त्यांच्या हाती आली होती, तिच्यातून ही कल्पना रुजली. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक आवश्यक विषय म्हणून, आणि पदवीचे नाव ‘गृहीतागमा’, अशी त्याची घडण होती. सरकारी मान्यता नव्हती आणि पैसा लहान वर्गण्यांतून जमवावा लागे. अण्णांनी जे जपानी विद्यापीठ पुस्तिकेत पाहिले, ते परदेश प्रवासात विठ्ठलदासांनी पत्नी प्रेमलीला यांच्यासह प्रत्यक्ष पाहिले, आणि परतल्यावर १९२० मध्ये आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. तेव्हापासून संस्था श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

या देणगीची रचना व्यापाऱ्याच्या हिशेबी दूरदृष्टीची होती. सर्व रक्कम एकदम हाती न देता साडेतीन टक्के दराने होणारे ५२,५०० रुपयांचे वार्षिक व्याज विद्यापीठाला मिळायचे होते. मूळ भांडवलाला हात लागणार नव्हता. वर्गण्यांवर तगलेल्या संस्थेला दरवर्षीची निश्चित रक्कम मिळणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे अण्णांच्या तोवरच्या पायपिटीकडे पाहिले म्हणजे कळते.

हे भांडवल गिरणगावात निर्माण झाले होते, हेही सांगितले पाहिजे. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला, यावरून त्याआधीची स्थिती समजते. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायका राबत. त्यांच्या मुलींपर्यंत हे उच्च शिक्षण त्या काळी पोहोचले नाही. देणगीचे मोल याने घटत नाही, पण चरित्र सांगताना ही बाजू वगळणे योग्य नव्हे.

१२ ऑगस्ट १९२२ रोजी विठ्ठलदासांचे निधन झाले. त्यानंतर विद्यापीठाचा भार प्रेमलीलाबाईंनी अनेक वर्षे वाहिला. पुण्यात येरवड्याजवळची त्यांची ‘पर्णकुटी’ महात्मा गांधींच्या १९३३ च्या उपवासकाळातील वास्तव्यामुळे प्रसिद्ध आहे. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईस आले. १९५१ मध्ये त्याला कायद्याने मान्यता मिळाली आणि प्रेमलीलाबाई त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.