ब्रेनस्टॉर्मिंग आणि ब्रेनरायटिंग: बोलून सुचवणं वेगळं, लिहून सुचवणं वेगळं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग (ओतून केलेला भाग) सारखं रिजेक्ट व्हायला लागलं की सगळ्यांना केबिनमध्ये बोलावणं येतं. 'बोला, काय करूया?' हेच तिथलं ब्रेनस्टॉर्मिंग. मालकच आधी 'रायझर (साच्यातला जादा वितळलेल्या धातूचा साठा) मोठा करूया की' म्हणाले, की पुढचा अर्धा तास रायझरच.

खरं तर ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्यानं नियम घातले ते हे टाळायलाच: आधी कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, वेडगळ सुचलं तरी बोलायचं, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, आणि कल्पना जितक्या जास्त तितकं बरं. नियम चांगले, पण बोलणार एका वेळी एकच. बाकीचे सुचलेलं मनात धरून बसतात, नाहीतर विसरतात. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात गटापेक्षा तेवढ्याच एकेकट्या माणसांच्या कल्पना एकत्र करून जास्त भरल्या. त्यामागचं मोठं कारण हे खोळंबणंच, असं डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवलं.

ब्रेनरायटिंगमध्ये तोंड बंद. बेर्न्ट रोरबाख यांची १९६८ची ६-३-५ पद्धत अशी: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजारी. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, जास्तीत जास्त १०८ कल्पना. एकट्यानं लिहिण्यापेक्षा हे निराळं, कारण आधीच्याचं लिहिलेलं समोर असतं. आपल्याकडे आणखी एक सोय, कागदावर चित्रही काढता येतं: कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) करणारा कन्नडमध्ये विचार करतो, पॅटर्नवाले (साच्यासाठी नमुना बनवणारे) मामा मराठीत, चित्राला दोन्ही चालतात.

समजा, एका कागदावर पहिल्यानं कोअरमधून वायू बाहेर काढायला वाट दाखवली. दुसऱ्यानं त्याच चित्रात जाड भागाला चिल (उष्णता लवकर ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावला. तिसऱ्यानं ती जाडीच कमी केली. (हे कस्टमरच्या डिझाइनरला पटवावं लागणार, ते वेगळंच.) गंमत म्हणजे पहिल्यानं वायूचा दोष धरलाय, पुढच्या दोघांनी धातू थंड होताना आकसण्याचा. केबिनमधल्या आवाजात हे मतभेद ऐकूच येत नाहीत.

पण 'तुला असं का वाटतं?' हे कागद विचारत नाही. म्हणून माझ्या मते आधी लिहा, मग भांडा, आणि भांडताना रिजेक्ट कास्टिंगचा कापलेला तुकडा टेबलावर असू दे. भोक गोल, आतून गुळगुळीत असेल तर बहुधा वायू. खडबडीत, वेडंवाकडं असेल तर आकसणं.