नो-फ्लाय झोनमध्ये नौदल नव्हतंच?

वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज सांगतो: नो-फ्लाय झोन (ठरावीक विमानांना उड्डाणबंदी असलेला भाग) राखणं म्हणजे फक्त हवाई दलाचं काम, नौदलातला माजी सैनिक ‘मीही त्यात होतो’ म्हणाला, तर ती थाप समजा.

हे खरं नाही. दक्षिण इराकचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट १९९२ मध्ये ३२ अक्षांशाच्या दक्षिणेला इराकी विमानांना बंदी झाली. १९९६ मध्ये ती रेषा ३३ अक्षांशावर सरकली. अमेरिका, ब्रिटन आणि काही वर्षं फ्रान्स तिथे गस्त घालत होते. सुरुवातीच्या उड्डाणांत ‘इंडिपेंडन्स’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावरची विमानं होती.

अशा जहाजावर सुमारे पाच हजार माणसं असतात. वैमानिक त्यातले मोजकेच. बाकीचे इंधन भरतात, रडार बघतात, आखाताच्या उन्हात तापलेल्या डेकवर कॅटापल्ट (विमानाला झटक्यात वेग देऊन उडवणारं यंत्र) सांभाळतात. दोनेक सेकंदांत विमान हवेत झेपावतं, ते यांच्या भरवशावर. माझ्या मते या माणसांची सेवा नाकारणं अन्यायाचं आहे.

खातरजमा करायची तर आधी जहाजाचं नाव आणि साल विचारा. जहाज त्या तारखांना कुठे होतं, हे डेक लॉगमध्ये, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत, असतं. अमेरिकी सैनिकाला सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या डीडी-२१४ या कागदावर सागरी सेवेचा काळ आणि पदकं असतात. मात्र तो खासगी दस्तऐवज आहे, दाखवायचा की नाही हे त्या माणसानं ठरवायचं.