सर्जनच्या अर्जात प्रकाशनं आणि सायटेशन: अर्ज अडतो कुठे, जोडायचं काय

बढती, फेलोशिप किंवा संशोधन अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या सर्जनकडे प्रकाशनांची यादी आणि सायटेशनचा, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत त्या पेपरचा किती वेळा संदर्भ दिला याचा, पुरावा मागतात. काम चांगलं असूनही अर्ज छाननीत बाद होतो, कारण अर्जात लिहिलेला आकडा एक आणि जोडलेल्या कागदावरचा दुसरा.

नेहमीची कागदपत्रं थोडक्यात: प्रत्येक पेपरचं पहिलं पान, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), ऑर्किड (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक), आणि ज्या डेटाबेसवरून आकडे घेतले त्याची तारखेसह छापील प्रत. ऑर्किड मोफत आहे, नसेल तर आजच काढा.

आता अडणाऱ्या गोष्टी.

पहिली, कोणता पेपर धरतात. मूळ संशोधन, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि मेटा-अॅनालिसिस (त्यांच्या आकड्यांचं एकत्रित विश्लेषण) सहसा धरतात. केस रिपोर्ट, संपादकांना पत्र आणि परिषदेतला अॅबस्ट्रॅक्ट अनेक ठिकाणी धरत नाहीत किंवा वेगळे मोजतात. सर्जनांकडे केस रिपोर्ट भरपूर असतात आणि ते मूळ संशोधनात मिसळून यादी लांबवायचा मोह होतो. तसं करू नका. छाननी करणाऱ्याला एक पेपर चुकीच्या रकान्यात दिसला की तो बाकीचेही संशयाने वाचतो.

दुसरी, ‘पबमेडमध्ये दिसतोय’ एवढ्यावर विसंबणं. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा शोध-साठा. त्यात मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीखेरीज पबमेड सेंट्रल या मोफत पूर्ण लेखांच्या साठ्यातले पेपरही दिसतात. त्यामुळे पेपर पबमेडवर सापडला म्हणजे त्याचं जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं ठरत नाही. नियमात ‘मेडलाइन’ लिहिलं असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकून खात्री करा आणि त्या पानाची प्रत जोडा. स्कोपस हा सायटेशन मोजणारा डेटाबेसही काही जर्नल नंतर वगळतो. तुमचा पेपर छापला गेला तेव्हा जर्नल यादीत होतं का, ते बघा.

तिसरी, तारीख. पेपर स्वीकारल्याचं पत्र म्हणजे प्रकाशन नव्हे. एकच पेपर ऑनलाइन डिसेंबरमध्ये आणि अंकात पुढच्या मार्चमध्ये येऊ शकतो. यातली कोणती तारीख धरणार, हे कित्येक जाहिरातींत लिहिलेलंच नसतं आणि भुर्दंड मात्र उमेदवाराला पडतो. मुदतीआधीच लेखी विचारा, मिळालेलं उत्तर अर्जाला जोडा. फोनवरचं ‘चालेल हो’ छाननीच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

चौथी, एच-इंडेक्स. हर्श यांनी 2005 मध्ये मांडलेला हा आकडा सोपा आहे: किमान 12 सायटेशन असलेले 12 पेपर असतील, पण किमान 13 सायटेशन असलेले 13 नसतील, तर एच-इंडेक्स 12. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स मात्र तीन वेगळे आकडे दाखवतात, कारण प्रत्येकाचा साठा वेगळा. स्कॉलरचा बहुधा सर्वांत मोठा येतो, म्हणून लोक तो लिहितात आणि प्रत जोडतात स्कोपसची. एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स यांचीही गल्लत करू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींच्या क्लाव्हियन-डिंडो वर्गीकरणाचा 2004 चा पेपर हजारो वेळा उद्धृत झाला, तरी त्याच्या लेखकाच्या एच-इंडेक्समध्ये त्याची भर एकाचीच.

आकडे काढण्याआधी प्रोफाइल साफ करा. स्कॉलर आपोआप नामसाधर्म्याच्या दुसऱ्याच लेखकाचे पेपर तुमच्या नावावर चढवू शकतं. ते राहू दिलेत तर खोटी माहिती दिल्याचा ठपका तुमच्यावर येतो. उलट स्कोपसमध्ये आद्याक्षरं बदलल्याने किंवा आडनाव बदलल्याने एकाच माणसाची दोन प्रोफाइल होतात आणि सायटेशन विभागली जातात. ती जोडण्याची विनंती करता येते, पण दुरुस्ती दिसायला वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यात हे करायला बसू नका.

पाचवी गोष्ट खास शल्यचिकित्सेतली. मोठ्या बहुकेंद्री अभ्यासांत लेखक म्हणून गटाचं नाव असतं आणि रुग्णांची माहिती गोळा करणारे ‘कोलॅबोरेटर’ म्हणून नोंदले जातात. कोव्हिडसर्ज या संशोधन गटाच्या 2021 च्या एका पेपरला 15 हजारांहून अधिक सहलेखक होते. रात्रीच्या ड्यूट्या करून माहिती भरणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांचं हे काम खरं आहे, ते लपवायचं काहीच कारण नाही. पण पहिल्या लेखकाच्या रकान्यात ते बसत नाही. ‘गट-लेखकत्व’ असा वेगळा भाग करा आणि तुमचं नाव असलेलं पान जोडा.

आणि कोणाकडेच नसणारा कागद: योगदानाचं पत्र. ‘या पेपरात अर्जदाराने नेमकं काय केलं’ हे करस्पॉन्डिंग लेखकाच्या (पेपरबाबतचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याच्या) सहीने मागतात. जुन्या पेपरांत योगदानाचा परिच्छेद नसतो, ज्येष्ठ निवृत्त झालेले असतात, ईमेल बंद पडलेले असतात. पेपर प्रसिद्ध होतो त्याच आठवड्यात हे पत्र घेऊन ठेवा. संकल्पना, शस्त्रक्रिया, विश्लेषण, लेखन यांपैकी तुमचा वाटा कोणता, हे त्यात स्पष्ट असू द्या. सही मिळणं शक्यच नसेल, तर प्रयत्न केल्याचे ईमेल जोडून दुसऱ्या सहलेखकाचं पत्र चालेल का, हे आधी विचारा.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, मागितला असेल तर वर्ष लिहा. 2023 चा आकडा जून 2024 मध्ये जाहीर झाला आणि तो 2021 व 2022 मधल्या लेखांना 2023 मध्ये मिळालेल्या सायटेशनवरून काढलेला आहे. जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरचा डोरा जाहीरनामा 2013 पासून सांगतो आहे, तरी अर्जातला रकाना हटत नाही. तो भरावाच लागतो.

पाठवण्याआधी प्रत्येक डीओआय एकदा उघडून बघा. एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर यादीतून काढा. सगळ्या प्रती एकाच दिवशी काढा आणि अर्जातल्या प्रत्येक आकड्यासमोर जोडपत्राचा पान क्रमांक लिहा.