उन्हाळ्यात हवा कमी ठेवल्याने पंक्चर टळते का?

“उन्हाळ्यात सायकलच्या टायरमध्ये हवा कमी भरावी, म्हणजे ती तापून पंक्चर होत नाही,” असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागील निरीक्षण खरेच आहे, कारण हवा तापली की दाब वाढतो. मात्र टायरमधील हवा २० अंशांवरून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तरी ६० पीएसआयचा दाब साधारण ६८ पर्यंतच जातो. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या पुरेसे खाली राहून हवा भरली असेल, तर एवढी वाढ टायर सहज पेलतो.

उलट, हवा कमी असताना साताऱ्याकडे यवतेश्वरचा घाट उतरताना चाक खड्ड्यात आदळले, तर ट्यूब खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. याची पडताळणी घरीच करता येते: ट्यूब फुगवून पाण्यात बुडवावी, शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर कारण हा चिमटा, आणि बाहेरच्या बाजूस एकच छिद्र असेल तर बहुधा काटा किंवा काच.

बाभळीच्या काट्यावर मात्र हवेचा योग्य दाब हा उपाय नव्हे. म्हणून कासच्या रस्त्याला निघताना जादा ट्यूब, पंप आणि टायर काढण्याच्या पट्ट्या सोबत घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवून अडकलेला काटा अवश्य काढावा, नाहीतर तीही ट्यूब जाते.