दुकान किती लांब, हे मोजायचे कसे?

कोणत्या वस्तीतल्या लोकांना चांगले अन्न विकत आणणे अवघड जाते, हे दाखवणारा नकाशा अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ साली प्रसिद्ध केला. त्यातला निकष वरवर सोपा आहे. जनगणनेच्या एखाद्या भागातले किमान ५०० लोक किंवा एकतृतीयांश रहिवासी सर्वांत जवळच्या सुपरमार्केटपासून शहरात १ मैलाहून आणि ग्रामीण भागात १० मैलांहून दूर राहत असतील, तर तिथली पोहोच कमी मानली जाते. त्यात तो भाग गरीबही असेल, तर त्याला ‘अन्नाचे वाळवंट’ म्हटले गेले.

मात्र हे अंतर सरळ रेषेत मोजलेले असते, आणि माणूस रस्त्याने चालतो. रेल्वेच्या रुळांपलीकडचे दुकान घरातून दिसत असले, तरी पूल १ किलोमीटरवर असेल तर तिथवर जाऊन पलीकडून तेवढेच मागे यावे लागते, आणि परतताना हातात जड पिशव्या असतात. म्हणूनच नंतर या नकाशात आलेली दुसरी मोजणी मला अधिक मोलाची वाटते: दुकानापासून अर्ध्या मैलाहून दूर राहणारी, पण गाडी नसलेली कुटुंबे किती, हे ती विचारात घेते.

जवळ दुकान असूनही गर्दीमुळे माल पुरत नसेल, तर काय? त्यासाठी भूगोलज्ञ दोन टप्प्यांची पद्धत वापरतात. आधी प्रत्येक दुकानाच्या, समजा, १ किलोमीटरच्या टप्प्यात किती लोक राहतात ते मोजतात. मग प्रत्येक घराच्या तेवढ्याच टप्प्यातल्या दुकानांचे दरमाणशी वाटे एकत्र करतात. एका दुकानावर ५०० लोक अवलंबून असतील, तर हजारी २ दुकाने असा वाटा येतो. दुसऱ्यावर २००० असतील, तर अर्धे. दोन्ही दुकाने आवाक्यात असलेल्या घराची पोहोच अडीच, फक्त दुसरे असलेल्याची अर्धी, म्हणजे पाचपट कमी, आणि जवळच्या दुकानाचे अंतर दोघांनाही सारखेच असू शकते.

हे निकष महाराष्ट्रात जसेच्या तसे लावले, तर अनेक खेडी वाळवंट ठरू शकतील, कारण तिथे आसपास सुपरमार्केट नसते. किराणा दुकान, रेशन दुकान, भाजीची हातगाडी आणि आठवडी बाजार असतो. त्यातला बाजार तर आठवड्यातून एकच दिवस भरतो, त्यामुळे इथली पोहोच मोजताना अंतराच्या जोडीला वारही मोजावा लागेल.