मिठाची बरणी आणि गोचीड

आर्वीकडच्या आमच्या गावात सकाळी आखरावर ढोरं जमतात. यंदा आषाढात तिथं गायकीबाबांशी माझा वाद झाला. एका गवळाऊ गाईच्या कासेजवळची गोचडी चिमटीत धरून उपटत ते म्हणाले, "हे उडी मारते जी. म्या डोयानं पाह्यली."

मी म्हटलं, "बाबा, उडी पिसू मारते. गोचिडाला उडीचे पायच नाहीत."

"तुमच्या पुस्तकातली नसन मारत," बाबा म्हणाले आणि ढोरं घेऊन निघून गेले.

उडीचा निकाल पुढं लावू. आधी ओळख. गोचीड हा कीटक नाही, तो कोळी-विंचवाच्या भाऊबंदांपैकी. मोठेपणी पाय आठ. पंख नाहीत, त्यामुळं उडणं नाही. झाडावरून टपून अंगावर पडतो हीसुद्धा लोणकढीच. मग तो गाईवर चढतो कसा?

ते बघायला मी बाबांनी उपटलेली ती फुगलेली मादी घरी आणून बाटलीत ठेवली. दिसायला अगदी एरंडाची बी. एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस' आहे, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच गोचीड! चारेक दिवसांनी तिनं अंडी घालायला सुरुवात केली. भिंगातून पाहिलं तर ती डोकं खाली वाकवून एकेक अंडं तोंडापाशी घेत होती. तिथं डोक्यावरून एक फुग्यासारखा अवयव बाहेर येतो आणि प्रत्येक अंड्याला मेणाचा हात देतो. हे मेण नसेल तर अंडं वाळून जातं. आपल्याकडच्या गुरांवरच्या या जातीची मादी अशी दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. माझ्या बाटलीतही शेवटी तपकिरी चकचकीत दाण्यांची रास उरली आणि शेजारी सुरकुतलेली एक कातडी.

अंडी फुटून सहा पायांची पिल्लं निघाली, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. निघाली तशी वर चढली आणि झाकणाखाली गठ्ठा करून बसली. रानात ती गवताच्या शेंड्यावर अशीच बसतात. झाकण काढून हलकी फुंकर घातली, तर त्या निपचित गठ्ठ्यातून शेकडो पुढचे पाय एकदम वर आले आणि हवेत हलू लागले.

त्या पुढच्या पायांच्या टोकाशी एक खळगी असते. हालर या शास्त्रज्ञानं १८८१ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला हालरचा अवयव म्हणतात. गोचिडाचं नाक म्हणजे ही खळगी. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामा-मुताचा अमोनिया, हवेतली ओल, सगळं तिथं कळतं. अंगातून बाहेर पडणारी उष्णताही तिला दुरून जाणवते, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे माझ्या फुंकरीत त्या पिल्लांना अख्खी गाय आली होती.

पण मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. शेंड्यावर हात पसरून बसणं फुकट नाही. तिथं ऊन आहे, वारा आहे. एवढ्याशा जिवात पाणी ते किती, ते भराभर उडतं. पाणी प्यायला जायची सोय नाही. मग?

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच गोचीड करतो. तहान लागली की तो खाली उतरतो, पालापाचोळ्याच्या ओलीत जातो आणि तोंडाच्या भागावर खारट लाळ सोडतो. लाळेतले क्षार हवेतली वाफ ओढून घेतात, तिचं पाणी होतं आणि ते तो गिळतो. हवा पितो म्हणा ना! आता थोडं हिशेबाचं. साध्या मिठाचं संपृक्त द्रावण सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतं. हवा त्याहून ओली असली तर मीठ पाणी घेतं, कोरडी असली तर सोडतं. गोचिडांच्या बऱ्याच जातींची अशी सीमारेषा ७५ ते ९० टक्क्यांच्या मध्ये कुठं तरी येते. रेषेच्या वर तो आठवडेच्या आठवडे वाट पाहू शकतो, खाली आला की त्याच्या पाण्याचा हिशेब तोट्यात जातो.

आता विदर्भाचा मे डोळ्यांसमोर आणा. पारा पंचेचाळीसच्या वर, झुडपी जंगलातलं गवत करकरीत. शेंड्यावरचं पिल्लू तिथं टिकत नाही. मृगाचा पाऊस पडला, धुऱ्यावर गवत उठलं की आषाढ-श्रावणात ढोरांचे कान गोचिडांनी भरतात.

हीच लाळ गाईवर चढल्यावर उलटं काम करते. रक्तातलं जास्तीचं पाणी गोचीड लाळेवाटे गाईच्याच अंगात परत सोडतो आणि सत्त्व ठेवून घेतो. त्या पाण्याबरोबर रोगजंतू आत जातात. गुरांवरचा या जातीचा गोचीड तर अख्खं आयुष्य एकाच जनावरावर काढतो, मग एकीचा रोग दुसरीला कसा? लघवी लाल करणाऱ्या तापाचं हे कोडं थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न या संशोधकांनी १८९३ मध्ये अमेरिकेत सोडवलं. रोग आईकडून अंड्यांत उतरतो. माझ्या बाटलीतल्या ज्या पिल्लांनी रक्ताचा थेंबही चाखला नव्हता, त्यांच्यातही तो असू शकला असता.

सगळेच गोचीड असे वाट पाहत बसत नाहीत. ढोरांच्या कोठ्याच्या भेगांत राहणारा, पायांवर पट्टे असलेला हायलोमा जातीचा गोचीड चाहूल लागली की धावत येतो. थायलेरिया हा ढोरांचा ताप पसरवणारा तोच, आणि संकरित जर्सीला तो गवळाऊपेक्षा फार जड जातो.

आता उडी. २०२३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की गवताला अंग घासून जनावराच्या केसांवर जी स्थिर विद्युत साठते, ती शेंड्यावरच्या गोचिडाला हवेतून ओढून घेते. अंतर काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभर. उडी दिसते, पण मारलेली नसते. प्रयोग युरोपातल्या गोचिडावर झाला आणि ओल्या हवेत असा भार लवकर ओसरतो, तेव्हा 'गोचीड विजेवर उडतो' असे मथळे छापायची घाई नको. पावसाळ्यात दर वर्षी 'गोचीड चावून स्क्रब टायफस' छापतात, तेवढं पुरे. तो ताप चिगर नावाच्या बारीक माइटच्या पिल्लामुळं येतो. माइट गोचिडाचा नातलग खरा, पण गोचीड नव्हे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबतीच्या पुतळ्यामागं 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतो. मजा म्हणून मीही ओरडतो. पण गाईच्या गळ्यातला काळा दोरा गोचिडाला कळत नाही, त्याला श्वास आणि ऊब कळते. माणसाला चिकटलेल्या गोचिडावर घासलेट ओतणं, काडीनं चटका देणं हेही बंद करा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, आणि बोटांत चिरडू नका.

बाबांना मी आखरावर विजेची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजे मारत नाही, वढल्या जाते," ते म्हणाले. "मंग कोठ्यातल्या भेगाइतली कोन वढून काढनार?"

नुसती गाईला औषध चोळून भागत नाही, हे मीच त्यांना सांगणार होतो. फुगलेल्या माद्या बहुधा रात्री-पहाटे गळतात आणि भेगांत शिरून अंडी घालतात. त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून कोठ्याच्या भिंती शेणमातीनं लिंपल्या. बाटली मी उकळत्या पाण्यात टाकली.